डाव्या पायाची शिवण

मास्तरांचं एक म्हणणं होतं, आणि ते त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की दुकानाच्या पाटीवरच रंगवून टाकलं असतं तरी चाललं असतं. माणूस कधी चुकीच्या मापाचा नसतो, कपडा असतो. कोणी गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून "पोट जरा सुटलंय हो" असं ओशाळं हसून म्हणालं, की मास्तर लगेच त्याला गप्प करत. "पोट जागच्या जागी आहे साहेब. पँट चुकलीय. द्या इकडे."

आणि खरोखर ते कपड्याला वठणीवर आणत. एकाचा खांदा दोन बोटं खाली होता, तर त्याच्या कोटात एका बाजूला अशी गादी बसवली की त्याच्या बायकोलाही तो सरळ दिसायला लागला. प्रत्येक शिवणीत आतल्या बाजूला इंचभर जास्तीचं कापड ते सोडतच. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माणूस वाढला की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची आणि माणसाला सांगायचं की तुम्ही होता तसेच आहात. दुकानात आरसे दोन होते. एक खरं बोलणारा आणि एक बारीक दाखवणारा. खरं बोलणारा आम्ही कपाटामागे ठेवला होता.

मी तिथे एकोणीस वर्षं काज-बटण आणि हातशिलाई करते. खिडकीजवळचं स्टूल माझं. मास्तर मला सुईबाई म्हणतात, आणि ते माझ्या हातातल्या सुईवरून म्हणत नाहीत. मापं घ्यायची त्यांनी, आकडे ओरडायचे त्यांनी आणि मापवहीत लिहायचे मी, अशी आमची पद्धत. मास्तर कधी स्वतः लिहीत नाहीत, कारण त्यांचा पाच आणि सहा सारखाच दिसतो. हे वहीचं आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मला तिच्यापायी तोंड लपवायला जागा उरली नाही.

मास्तरांची मशीन पायाची होती. पायाखालची लोखंडी फळी पुढे-मागे दाबायची, चामडी पट्ट्यावर चाक फिरायचं आणि सुई चालायची. चाळीस वर्षं त्यांचे पाय असे हलत होते. जेवायला बसले तरी टेबलाखाली हलत. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या की झोपेतसुद्धा हे शिवतात, आणि पांघरूण माझ्या अंगावरून जातं.

साठाव्या वाढदिवसाला चिरंजीवांनी त्या मशीनला मोटर बसवून दिली. चिरंजीव एका कचेरीत दिवसभर पडद्यासमोर बसतात, त्यामुळे बसून राहणं ही माणसाची प्रगती आहे असं त्यांचं प्रामाणिक मत. पट्टा काढून खुंटीला लटकवला, वायर जोडली आणि बापाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाबा, आता पाय हलवायची गरजच नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच वर्षी जवळच्या शाळेने सुट्टी संपायला महिना राहिला असताना गणवेशाचा रंग बदलला. निळ्याचा राखाडी. का, ते शाळेलाच माहीत. तीनशे पँटी आमच्याकडे आल्या. मास्तर सकाळी सातला बसत ते रात्री नऊला उठत. पाणी पीत नसत, कारण संडास गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे जाऊन यायच्या वेळात एक पँट होते असा त्यांचा हिशोब. नुसती पायाची टाच बटणावर टेकवायची, बाकी सगळं मोटर करत होती. चौदा-चौदा तास ते असे बसले होते आणि आम्ही सगळे म्हणत होतो, काय सोय झाली!

बाराव्या-तेराव्या दिवशी मास्तर म्हणाले, "आमच्या घरात पँटी उकळत्या पाण्यात धुतात वाटतं. ही आखडलीय."

"दोन्ही पाय आखडलेत?" मी विचारलं.

"फक्त डावा."

उकळत्या पाण्याला डावा-उजवा कळत नाही, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मास्तरांनी पाय स्टुलावर ठेवला, पोटरीला टेप गुंडाळली आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "उजवी पोटरी चौदा. डावी पावणेपंधरा." मी तारीख टाकून लिहिलं. मग म्हणाले, "सुईबाई, डाव्या पायाची शिवण उसव. अर्धा इंच सोड." मी ब्लेड घेतलं आणि उसवली.

सहा दिवसांनी पुन्हा तेच. "डावी साडेपंधरा." मी लिहिलं. उरलेली सगळी माया बाहेर काढली. मास्तर आता डावा पाय जरा फेंगडा टाकत होते आणि मधूनच पोटरी दाबत होते. "काही होतंय का?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी पँटच्या कापडाला शिव्या घातल्या. आणखी पाच दिवसांनी सोळा भरली. आता शिवणीत कापडच शिल्लक नव्हतं. म्हणून त्यांनी शाळेच्या राखाडी कापडातली दोन बोटांची पट्टी काढली आणि ती डाव्या पायाच्या आतल्या बाजूने अशी बेमालूम जोडली की मी तोंडभर कौतुक केलं. बारीक दाखवणाऱ्या आरशात त्यांनी पाय वळवून वळवून पाहिला. पाय सुजून खांबासारखा झाला होता, आणि आम्ही दोघं शिवण बघत होतो.

हे सगळं फुटलं ते बुटामुळे, कारण बुटाला माया नसते. सोळा भरल्यावर सहा दिवसांनी सकाळी डावा बूट चढेना, म्हणून मास्तर एका पायात बूट आणि दुसऱ्यात घरातली चप्पल घालून दुकानात आले. वहिनी मागोमाग आल्या. त्यांनी मास्तरांची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरी लालसर, तुकतुकीत आणि गरम होती. त्यांनी अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"चला," वहिनी म्हणाल्या.

"उद्या जाऊ. अजून ऐंशी पँटी राहिल्यात."

वहिनींनी मोटरची वायर भिंतीतून उपटली, गुंडाळली आणि पिशवीत टाकली. "शिवा आता."

मी त्यांच्याबरोबर गेले, आणि जाताना मापवही घेतली. का घेतली ते सांगता येत नाही. बहुधा काखेत काही नसलं की मला चालता येत नाही म्हणून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस मानेवर करकचून बांधलेले, बोलण्यात फापटपसारा नाही. त्यांनी दोन्ही पाय पाहिले आणि विचारलं, "सूज कधीपासून आहे, काका?"

"हे काय, दोन दिवस," मास्तर म्हणाले.

"चार तरी असतील," वहिनी म्हणाल्या.

मी वही उघडून पुढे ठेवली. डॉक्टरीणबाईंनी पान वाचलं. तारखा, उजवी, डावी, अगदी पाव इंचापर्यंत. त्यांच्या भुवया वर गेल्या. "सतरा दिवस. इतकी नीट नोंद मला कुठल्याच पेशंटने आणून दिलेली नाही. ही मापं कोणी लिहिली?"

"मी," मी म्हणाले. मला वाटलं शाबासकी मिळतेय.

"आणि माप वाढलेलं पाहून तुम्ही काय केलंत?"

"शिवण उसवली."

त्या हसल्या. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, ही बाई थट्टा करत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या हसायच्या थांबल्या. मला कानकोंडं झालं. पुढे सोनोग्राफी झाली. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली, गुडघ्याच्या मागून थेट मांडीपर्यंत.

"पाय हलला की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बसून राहिलात, पाणी प्यायला नाहीत. रक्तही बसून राहिलं आणि गोठलं. पाय सुजलाय त्याची मला फार चिंता नाही. पण या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर माणूस बोलता बोलता जातो. आपल्याला ते होऊ द्यायचं नाहीये. बाकी सगळं नंतर."

त्यांनी पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं आणि दुपारी सगळे रिपोर्ट बघून औषध पक्कं करू म्हणाल्या. तेवढ्या मधल्या वेळात दुकानात परिषद भरली.

चिरंजीव कचेरीतून धावत आले, तेही तयारीनिशी. मोबाइलवर त्यांनी सगळे पर्याय वाचले होते आणि वाटेत त्यांचं वैद्यकीय शिक्षण पूर्ण झालं होतं. "विरघळवायचं इंजेक्शन असतं. नाहीतर शिरेत नळी घालून गुठळी ओढून काढतात. पोटातल्या मोठ्या शिरेत गाळणीसुद्धा बसवतात, म्हणजे तुकडा वर जाताना अडकतो. मी म्हणतो तिन्ही करून टाकू. एकदाचं काम होऊन जाईल." बापाच्या अंगात जितकी जास्त यंत्रं जातील तितकं प्रेम, असा त्यांचा हिशोब. मोटरही त्याच हिशोबाने आली होती.

शेजारचा इस्त्रीवाला आपल्या दुकानाला नुसतं "आलो" असं ओरडून आमच्याकडे आला. जगातली कुठलीही गोष्ट उष्णता आणि वजन यांच्यापुढे टिकत नाही, असा त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव. "गाठच आहे ना? तेल गरम करा, मी बसतो चोळायला. अर्ध्या तासात सपाट." त्याने बाह्यासुद्धा सारल्या.

वहिनींचं म्हणणं, तीन महिने पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही. मास्तरांना कोणीच विचारलं नव्हतं. ते शेवटी म्हणाले, "ज्यात सोमवारपर्यंत पँटी होतील, असं काही असेल तर बघा." माणूस मरणाच्या दारात उभा होता आणि शाळेच्या पँटीच्या मोहरीचा घेर किती ठेवायचा यावर त्याचं चित्त होतं. मला इतका राग आला की सुई बोटात गेली.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी चारही तज्ज्ञांना दहा मिनिटांत घरी बसवलं. चोळायचं अजिबात नाही, चोळलं तर तुकडा सुटेल. पलंगावर पडून राहायचं नाही, उलट चालायचं. विरघळवायचं इंजेक्शन आणि नळी ही जिवावर बेतलं किंवा पायच जायची वेळ आली तर काढायची हत्यारं; उगाच वापरली तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. गाळणी अशांना बसवतात ज्यांना रक्त पातळ करायचं औषध देताच येत नाही. "काकांना गोळी देता येते, म्हणून काकांना गोळी. सकाळ-संध्याकाळ, कमीत कमी तीन महिने."

"बस? गोळी?" चिरंजीवांचा चेहरा पडला.

"जुनी एक गोळी आहे, तिच्याबरोबर सारखी रक्ततपासणी करावी लागते. ही नवी आहे, हिला ती कटकट नाही. पण हिची एक अट आहे. चुकवली की दिवसाभरात तिचा अंमल संपतो."

"गोळीने गुठळी विरघळेल ना?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. गोळी तिला वाढू देत नाही. विरघळवायचं काम तुमचं शरीर सावकाश करतं."

मास्तरांना हे मुळीच आवडलं नाही. कच्चा टाका घालून कपडा गिऱ्हाइकाच्याच हवाली करायचा, असला हा प्रकार त्यांना वाटला. तरी त्यांनी गोळ्या घेतल्या. पँटी मी आणि गल्लीतल्या दुसऱ्या एका शिंप्याने मिळून पुऱ्या केल्या. त्या शिंप्याचे काज वाकडे येतात हे मास्तरांनी आजारपणातही दर अर्ध्या तासाने बोलून दाखवलं.

आठवड्याने सूज जरा उतरली, पण पाय दुखत होता. म्हणून डॉक्टरीणबाईंनी दाब देणारा मोजा लिहून दिला. घोटा, पोटरी, सगळ्याची मापं घेऊन मिळणारा. मास्तर खूश झाले, कारण मापं घेणारं औषध त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. मोजा आणला, त्यांनी तो आतून-बाहेरून पाहिला, ताणून पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "सुईबाई, कारखान्यात झोपा काढतात. हा मोजा उलटा झालाय. घोट्यात करकचून घट्ट आणि वर ढिला. पाय खाली बारीक असतो का वर?"

"खाली," मी म्हणाले. आमची अक्कल जोडीने चालते.

त्यांनी तो दुरुस्त केला. घोट्याला चीर देऊन मऊ पट्टी जोडली, आणि वर घसरू नये म्हणून चांगलं दोन बोटं रुंद इलॅस्टिक ठोकलं. काम इतकं सुबक की मोजा जन्मापासून तसाच असावा. दुपारपर्यंत पाऊल निळसर झालं आणि गुडघ्याखाली लाल वळ उठला. वहिनी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मोजा उजेडात धरला.

"हे कुणाचं काम?"

"माझं," मास्तर ताठ बसून म्हणाले.

"काका, खाली घट्ट आणि वर ढिला, म्हणजे रक्त वर ढकललं जातं. तेच औषध आहे. तुम्ही वरून गाठ मारून ठेवलीत." त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता. औषधाच्या कुठल्याही वस्तूला मास्तरांनी कात्री लावायची नाही असं वहिनींनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, आणि नवा मोजा आला.

इतकं झाल्यावर माणसाने शहाणं व्हावं. पण मास्तरांचं घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. एका प्रयोगशाळेचे बारा पांढरे कोट शिवायला आले होते. सातव्या कोटाच्या कॉलरला हाताने टाके घालताना सुई बोटात गेली. शिंप्याच्या बोटात सुई रोजच जाते. आम्ही बोट तोंडात घालतो आणि पुढे शिवतो. पण या वेळी रक्त थांबेना. त्यांनी बोट दाबलं, चिंधी गुंडाळली, खडू दाबला. चिंधी लाल झाली आणि एक थेंब कॉलरवर पडला.

चाळीस वर्षांत मास्तरांच्या हातून कपड्यावर डाग पडला नव्हता. ते त्या थेंबाकडे असे बघत राहिले की मला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं. मी गेले नाही. थंड पाण्याने धुतलं, साबण लावला, तरी फिकट पिवळं वर्तुळ राहिलंच. त्यांनी कॉलर उसवून फेकली आणि नवीन कापली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र स्वारी एकदम खुशीत. सकाळी वहिनी घरी गोळी हातात देत, तेव्हा हे म्हणत, "दुकानात चहाबरोबर घेतो." संध्याकाळची तर दुकानातच असायची. बोटाचं रक्त लवकर थांबायला लागलं. "सवय झाली औषधाची," मास्तर म्हणाले. आणि ज्या बाईने सतरा दिवसांची सूज शिवणीत जिरवली होती तिने हेही गिळलं.

बारा दिवसांनी एक बँडवाला आपला लाल कोट घेऊन आला. त्याचं एक पितळी बटण पडलं होतं. तसली बटणं आमच्याकडे वरच्या फळीवर एका पत्र्याच्या डब्यात होती. सहा वर्षांत कोणी मागितली नव्हती, म्हणून तो डबा मीही उघडला नव्हता. मी स्टुलावर चढून तो काढला आणि मांडीवर घेऊन झाकण उघडलं. पितळी बटणांवर गुलाबी गोळ्या होत्या. बावीस. मी मोजल्या. अकरा दिवस, सकाळ-संध्याकाळ.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. येऊ दे, म्हटलं, आज या माणसाला अशी फैलावर घेते की जन्मभर आठवण राहील. शब्दही जुळवून ठेवले. तेवढ्यात मास्तर दुकानाची एकच पायरी चढून आत आले आणि मशीनला धरून उभे राहिले. एका पायरीने त्यांना धाप लागली होती.

"सुईबाई," ते म्हणाले, "हा शर्ट आखडलाय. छातीत आवळतोय. बाजूची शिवण जरा उसव."

आणि मी ब्लेड उचललं. लिहायची लाज वाटते, पण उचललं. एकोणीस वर्षांची हाताला लागलेली सवय. मास्तरांनी सांगायचं आणि मी उसवायचं.

ब्लेड शिवणीला टेकवायला मी वाकले तेव्हा मांडीवरचा डबा खाली पडला आणि गोळ्या-बटणं जमिनीभर घरंगळली. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी ब्लेड टाकलं आणि टेप काढली. त्यांच्या छातीभोवती गुंडाळली. अडतीस. चार वर्षांपूर्वी वहीत लिहिलेलं तेच. मग शर्टाचा घेर मोजला. बेचाळीस.

"शर्ट चार इंच ढगळ आहे, मास्तर."

"मग आवळतंय काय?" त्यांनी विचारलं. एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार समजून घ्यावी, तसं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मी इस्त्रीवाल्याच्या नावाने जी बोंब मारली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. तो गरम इस्त्री कोणाच्या तरी शर्टावर तशीच टाकून धावला. कपडे पोचवायची त्याची ढकलगाडी दाराशीच उभी होती. इस्त्री करून घड्या घातलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर मास्तरांना बसवलं आणि तो गाडी ढकलत सुटला. इस्पितळ दोन गल्ल्या पलीकडे. मी बाजूने धावत होते. त्या दिवशी त्याने काही चोळायचा सल्ला दिला नाही. घामाने निथळत एवढंच म्हणत होता, "बोलत राहा मास्तर, बोलत राहा." आणि मास्तर तुटक श्वासात सांगत होते की कपड्यांच्या घड्या मोडतायत.

तुकडा फुप्फुसात गेला होता. ऑक्सिजन लावला, पोटात इंजेक्शनं सुरू केली. गुठळी विरघळवणारं औषध बाजूला काढून ठेवलं होतं. रक्तदाब पडला तरच द्यायचं. वहिनी बाकावर ताठ बसल्या होत्या. चिरंजीव आले तेव्हा त्यांच्या हातात मोबाइल नव्हता.

"डॉक्टर, आता कोणता पर्याय उरलाय?" त्यांनी विचारलं, आणि आवाज फाटला.

"पर्याय पहिल्याच दिवशी दिला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बटणांच्या डब्यात असताना ती गोळी काम करत नाही."

मी घाबरले होते. बाकीचं किती का तिरकं लिहीना, हे सरळ लिहिते. त्या बाकावर बसून मला त्या माणसाचा संताप येत होता, आणि हा माणूस उद्या दुकानात नसेल तर आकडे कोण ओरडणार, हा विचारही डोक्यातून जात नव्हता. ब्लेड शिवणीला टेकणारच होतं. डबा पडला नसता तर मी नीट, सरळ, एकही दोरा न ओढता ती उसवली असती. दोन दिवस मला एवढंच दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी मास्तरांना अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात आणलं. मी गेले तेव्हा ते नर्सवर नाराज होते. तिने घाईत त्यांचा शर्ट कात्रीने कापला होता, आणि वाकडा कापला होता. "सरळ धाग्यात कापायला काय जातं?" असं ते नळ्यांमधून पुटपुटले. तेव्हा माझ्या जिवात जीव आला आणि मी वॉर्डाबाहेर जाऊन रडून घेतलं.

आता गोळी सहा महिने, कदाचित जास्तच. दुकान उघडायच्या आदल्या दिवशी चिरंजीवांनी स्वतः येऊन मोटर काढली. खुंटीवरचा चामडी पट्टा उतरवला, त्याला तेल लावलं आणि चाकावर चढवला. या वेळी आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. पांढरं काम सगळं माझ्याकडे आलं. मास्तर दोन्ही हातांच्या बोटांत लोखंडी टोपणं घालून शिवतात आणि कुरकुरतात. दर तासाला उठून ते गल्लीच्या टोकापर्यंत जातात. तिथे संडास आहे, त्यामुळे पाण्याचीही सोय लागली. दर शनिवारी पाय स्टुलावर ठेवतात आणि मी वहीत लिहिते. साडेपंधरा, पंधरा, पावणेपंधरा. पाव इंच जरी वाढला तरी दुकान बंद करून डॉक्टरांकडे, असं मी पानाच्या डोक्यावरच लिहून ठेवलंय.

परवा त्यांनी तो वाकडा कापलेला शर्ट माझ्यापुढे टाकला. इस्पितळाने पिशवीत घालून परत दिला होता.

"याचं काही होईल का बघ," ते म्हणाले. मग पाय हलवायचे थांबवून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मी सांगितल्यासारखी तू शिवण उसवली असतीस तर गं?"

"तर शर्ट छान बसला असता, मास्तर," मी म्हणाले. "तुम्हाला शेवटचा तोच घातला असता आम्ही."

ते हसले नाहीत. त्यांनी वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढून माझ्या स्टुलावर ठेवला. आत फक्त पितळी बटणं होती. मग खिशातली गोळी काढली, मला दिसेल अशी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि तोंड उघडून दाखवलं. मी वहीत लिहिलं. त्यांनी पाय फळीवर ठेवले आणि मशीन सुरू केली.